‘काय करत न्हाई ओ ते!’

कोल्हापुरात रंकाळ्यावर सकाळी कुत्रं फिरवायला आणणाऱ्यांचं हे लाडकं वाक्य. ते ऐकू येईपर्यंत कुत्र्याचे पुढचे दोन पाय तुमच्या छातीवर आलेले असतात. कायद्याला मात्र हे वाक्य पावणेचार हजार वर्षांत कधी पटलेलं नाही.

मेसोपोटेमियातल्या एश्नुन्ना शहराचा कायदा काय म्हणतो बघा. कुत्रा चावरा आहे असं बजावूनही मालकानं आवरला नाही आणि माणूस दगावला, तर मोजा 40 शेकेल चांदी. मेलेला गुलाम असेल तर 15! अथेन्सच्या सोलोननं तर चावऱ्या कुत्र्याला तीन हात लांब ओंडका अडकवून, ज्याला चावला त्याच्या हवाली करायला सांगितलं होतं, असं प्लुटार्क लिहितो. आणि आपला स्मृतिकार याज्ञवल्क्य? दात-शिंगांच्या जनावरापासून समोरच्याला सोडवणं शक्य असून मालक नुसता बघत राहिला, तर दंड. समोरचा ओरडला असेल, तर दुप्पट. म्हणजे ओरडायला लाजू नका.

आजचा हिशेब भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 मध्ये आहे. जनावराबाबत हयगय केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद, 5000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जुन्या दंड संहितेच्या कलम 289 मध्ये दंड हजारच होता. महागाई कुणाला चुकली? 1951 च्या महाराष्ट्र पोलीस कायद्यानुसार हिंस्र कुत्रा मुसकी न बांधता रस्त्यावर मोकळा सोडणं गुन्हा आहे. ‘छू’ करून कुणाच्या अंगावर घालणंही.

मार्च 2024 मध्ये केंद्रानं पिटबुल, रॉटवायलरसह 23 जातींवर बंदी घाला, असं राज्यांना कळवलं. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं ते परिपत्रकच रद्द केलं. बरंच झालं, जात बघून स्वभाव ठरवायची खोड माणसांपुरतीच पुरे. आपल्या शेजारचा मुधोळ कुत्रा त्या यादीत नव्हताच. घोरपडे संस्थानिकांनी जोपासलेला हा शिकारी गडी 2005 साली टपालाच्या तिकिटावर झळकलाय.

आणि हो, महापालिकांना कुत्र्यांवर कर बसवायची मुभा 1949 च्या महापालिका कायद्यातच आहे. ही आठवण आम्ही करून दिली, असं कुणाला सांगू नका.

एवढं करून चावलंच, तर मालकाशी भांडण नंतर. आधी जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं 15 मिनिटं धुवा. मिरची, हळद, चुना काही लावू नका, आणि त्याच दिवशी सीपीआर रुग्णालय गाठा.