गमतीचा खटला कसा होतो?



१६९२ साली अमेरिकेतील सेलम येथे चेटूक केल्याच्या आरोपावरून १९ जणांना फाशी दिले गेले. त्या खटल्यांवर आर्थर मिलर यांनी १९५३ मध्ये ‘द क्रुसिबल’ हे नाटक लिहिले. आपल्या रंगभूमीवरही असे एक नाटक आहे. त्यात चेटकीण नाही, पण एका बाईला घेरून दोषी ठरवणारी माणसे आहेत. विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे ते नाटक. १९६७ साली ‘रंगायन’ने ते रंगमंचावर आणले. दिग्दर्शक अरविंद देशपांडे. लीला बेणारेच्या भूमिकेत सुलभा देशपांडे.

या नाटकाला चार वळणे आहेत.

पहिले वळण : मुंबईची हौशी मंडळी प्रयोगासाठी एका गावी येते. एक नट कमी पडतो. गावातल्या सामंतला कोर्टाची पद्धत समजावी म्हणून लुटुपुटीचा खटला रचला जातो. बेणारेबाई आत गेलेल्या असताना त्यांनाच आरोपी ठरवले जाते. आरोप भ्रूणहत्येचा! सर्वांना ही गंमत वाटते.

दुसरे वळण : सामंत एका कादंबरीतला मजकूर साक्ष म्हणून सांगतो. ती थाप नेमकी बाईंच्या खाजगी आयुष्यावर बसते. त्या जाऊ पाहतात, तर दार उघडत नाही.

तिसरे वळण : न्यायाधीश झालेले काशीकर स्वतःच साक्ष देतात. बेणारेबाई शिक्षिका आहेत. शाळेतून त्यांना काढून टाकण्याचे ठरले आहे, हे ते सांगतात. निवाडा देणाराच साक्षीदार झाला की न्याय उरत नाही.

चौथे वळण : आरोपीला बोलायला दहा सेकंद मिळतात. बाई मन मोकळे करतात, परंतु ते फक्त प्रेक्षकांना ऐकू येते. कोर्टाच्या लेखी त्या गप्पच असतात. पोटातला गर्भ नष्ट करण्याची शिक्षा सुनावली जाते. मग बाहेर लोक जमतात आणि ‘अहो, हा तर खेळ होता’ म्हणत मंडळी तयारीला लागते. सामंत तेवढा एक कापडी पोपट बाईंजवळ ठेवून जातो.

प्रत्येक वळणावर कुणीतरी ‘पुरे’ म्हणू शकले असते. कुणीही म्हटले नाही.

वर्गात एखाद्याला चिडवताना आपणही ‘गंमत केली’ म्हणतो. त्या वेळी आपल्यापैकी एकाने तरी ‘पुरे’ म्हणावे. आणि आम्ही मोठ्यांनी, पालक असोत की विश्वस्त, निर्णयाआधी समोरच्याचे पूर्ण ऐकून घ्यावे. त्याला दहा सेकंद पुरत नाहीत.