आडवाटेने आलेले रचनाकार

शिकणाऱ्याला अखेरीस काय करता यायला हवे हे आधी ठरवून त्याप्रमाणे पाठ, सराव आणि चाचणी यांची आखणी करणे, म्हणजेच इन्स्ट्रक्शनल डिझाइन किंवा अनुदेशन-रचना, हे शास्त्र दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी सैनिकी प्रशिक्षणाच्या निकडीतून आकाराला आले. त्याच्या प्रवर्तकांकडे या विषयाची पदवी नव्हती, कारण तशी पदवीच तेव्हा नव्हती. 'द कंडिशन्स ऑफ लर्निंग' (१९६५) लिहिणारे रॉबर्ट गॅन्ये हे मूळचे मानसशास्त्रज्ञ होते.

मुंबई-पुण्यात परदेशी ग्राहकांसाठी संगणकाधारित प्रशिक्षण तयार करण्याचा व्यवसाय वाढला, तेव्हा त्यातही अशी पदवी नसलेले शिक्षक, उपसंपादक, इंग्रजीचे पदवीधर आणि लिहिण्याची आवड असलेले अभियंते शिरले. त्यांची खरी शाळा म्हणजे स्टोरीबोर्ड, अर्थात पडद्यावरील मजकूर, निवेदन आणि चित्रकारासाठीच्या सूचना शेजारशेजारच्या रकान्यांत मांडणारा तक्ता, आणि त्यावर वरिष्ठांनी मारलेले शेरे. 'अग्निशामकाचा वापर समजेल' हे उद्दिष्ट तेथे खोडले जाई, कारण समजणे डोळ्यांना दिसत नाही. त्याऐवजी 'पिन ओढून आगीच्या बुडाशी नळीचा नेम धरता येईल' असे लिहावे लागे. उद्दिष्ट निरीक्षणक्षम कृतीच्या भाषेत मांडण्याचा हा दंडक रॉबर्ट मेगर यांनी १९६२मध्येच घातला होता, पण अनेकांच्या हाती तो मेगरचे नाव ऐकण्याआधीच बसला.

पुढे आर्टिक्युलेट स्टोरीलाइनसारखी (२०१२) साधने आली, लेखकालाच पडदे बांधता येऊ लागले आणि साधनावरील हुकमत हीच विद्या असा समज पसरला. तो किती तकलादू होता हे, ज्यावर असे अनेक पाठ चालत त्या फ्लॅश या तंत्राचा आधार २०२०च्या अखेरीस बंद झाला तेव्हा दिसले.

या आडवाटेची खरी उणीव मात्र लेखनात नव्हती, दोन टोकांना होती. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाने १९७५मध्ये अमेरिकी लष्करासाठी आखलेल्या प्रारूपात विश्लेषण, आराखडा, निर्मिती, अंमलबजावणी आणि नियंत्रण असे टप्पे होते. त्यांतील मधलेच तेवढे अशा रचनाकारांच्या वाट्याला येत. प्रशिक्षणाची गरज आहे की अडचण मुळात यंत्राची वा पगाराची आहे, हे ग्राहक परस्पर ठरवून मोकळा होई. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९मध्ये मांडलेल्या प्रशिक्षण-मूल्यमापनाच्या चार पायऱ्यांपैकी, म्हणजे प्रतिक्रिया, अध्ययन, वर्तन आणि परिणाम यांपैकी, पहिल्या दोनच बहुधा तपासल्या जात. कामावरच्या वागण्यात फरक पडला का हे पाहण्याची तरतूद सहसा करारातच नसे, आणि रचनाकार तोवर पुढच्या प्रकल्पाला जुंपलेला असे.