इन्स्पायर-मानक : कल्पनेसाठी दहा हजार

केंद्राचा विज्ञान व तंत्रज्ञान विभाग आणि गांधीनगरजवळचे राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान मिळून इन्स्पायर-मानक ही योजना चालवतात. सहावी आणि पुढच्या इयत्तांतली मुले आपली कल्पना शाळेकडे देतात. शाळा त्यातल्या निवडक कल्पना योजनेच्या पोर्टलवर भरते. निवड झाली की १०,००० रुपये थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात. त्यातून प्रतिकृती करायची आणि जिल्हा, राज्य, राष्ट्रीय प्रदर्शन असे पुढे जायचे.

इथे खरी कसोटी शिक्षकांची. ज्वालामुखी, पाणी शुद्धीकरणाचे तयार मॉडेल किंवा इंटरनेटवरून उचललेला प्रकल्प टिकत नाही. परीक्षक नावीन्य पाहतात, उपयोग पाहतात. म्हणून मुलांना ‘विज्ञानाचे काहीतरी सुचवा’ म्हणू नये. ‘घरात, रानात कोणाला कशाचा त्रास होतो?’ असे विचारावे. कापूस वेचताना आईच्या बोटांना बोंडाची टोके टोचतात, हे ज्या मुलीने रोज पाहिले आहे, तिच्याकडे कल्पनेचे बी आधीच आहे. तिचे म्हणणे तिच्याच शब्दांत लिहून घ्यावे. मोठ्यांनी घडवलेली कल्पना दोन प्रश्नांत उघडी पडते आणि त्यात मूल विनाकारण खजील होते.

एक काम आधीच उरकावे : विद्यार्थ्याचे बँक खाते चालू आहे का, आणि नावाचे स्पेलिंग शाळेच्या नोंदीत, आधारवर व पासबुकात सारखेच आहे का, हे तपासून घ्यावे.