जुन्या गृहसंगणकांमधील फाईल-स्थलांतर : स्वरूप व समस्या

प्रस्तावना :

बीबीसी मायक्रो (१९८१), झेडएक्स स्पेक्ट्रम व कमोडोर ६४ (दोन्ही १९८२) हे त्या काळातील प्रमुख गृहसंगणक होत. भारतात १९८४ मध्ये सुरू झालेल्या 'क्लास' या शालेय संगणक-साक्षरता प्रकल्पात बीबीसी मायक्रोचाच वापर झाला. अशा यंत्रांवरील फाईल दुसऱ्या जातीच्या यंत्रावर नेणे ही केवळ नक्कल नसून तीन पातळ्यांवरील रूपांतर आहे. प्रस्तुत लेखात या पातळ्यांचे स्वरूप स्पष्ट केले आहे.

१) माध्यम :

कमोडोरचा १५४१ ड्राइव्ह आणि आयबीएम पीसी, दोहोंत सव्वापाच इंची फ्लॉपी बसत असे. तथापि नोंदीची पद्धत भिन्न होती. १५४१ हा ड्राइव्ह ३५ वर्तुळाकार मार्गांवर जीसीआर पद्धतीने, बाहेरील मार्गावर २१ तर आतील मार्गावर १७ खंड पाडून सुमारे १७० केबी मजकूर साठवी. पीसीमध्ये एमएफएम पद्धत व प्रत्येक मार्गावर समान खंड असत. परिणामी पीसीच्या नियंत्रकास कमोडोरची फ्लॉपी वाचता येत नसे. स्पेक्ट्रमची नोंद तर सामान्यतः ध्वनिरूपाने कॅसेटवर होत असे.

२) जोडणी :

यावर उपाय म्हणजे फ्लॉपी बाजूला ठेवून दोन यंत्रे तारेने जोडणे. एकाची प्रेषण-तार दुसऱ्याच्या ग्रहण-तारेस जोडावी लागे. कमोडोरच्या यूझर पोर्टवरील संकेत ० ते ५ व्होल्टचे असल्याने आरएस-२३२ जोडणीसाठी व्होल्टता-परिवर्तक आवश्यक ठरे. वाटेत बाइट बिघडू नयेत म्हणून वॉर्ड क्रिस्टेन्सन यांच्या एक्समोडेम (१९७७) या नियमावलीत १२८ बाइटांचा प्रत्येक गठ्ठा बेरजेने तपासला जाई व चुकीचा गठ्ठा पुन्हा मागविला जाई. कोलंबिया विद्यापीठात १९८१ मध्ये तयार झालेल्या कर्मिटमध्ये मजकुराची फाईल व अन्य फाईल असा भेदही करता येई.

३) अर्थ :

सर्व बाइट अचूक पोहोचले तरी मजकूर पोहोचलाच असे म्हणता येत नाही. ६५ हा संकेतांक आस्की पद्धतीत मोठ्या लिपीतील 'ए' दर्शवितो; कमोडोरच्या मजकूर-संचात तोच लहान 'ए' ठरतो. ओळ संपल्याची खूण कमोडोरवर एका बाइटची, तर पीसीवर दोन बाइटांची असते. बेसिक भाषेतील 'प्रिंट' हा शब्द कमोडोर १५३, बीबीसी २४१, तर स्पेक्ट्रम २४५ या एकाच बाइटने साठवितो. म्हणून प्रोग्राम थेट न पाठविता प्रथम त्याची साध्या मजकुरात यादी करून घेणे श्रेयस्कर ठरते. बीबीसी मायक्रोवर 'स्पूल' ही आज्ञा त्यासाठी उपयोगी पडते.

समारोप :

चुंबकीय नोंद कालांतराने क्षीण होत असल्याने मूळ बाइट आहेत तसे प्रथम उतरवून घ्यावेत आणि अर्थाचे रूपांतर त्यांच्या प्रतीवर करावे, हा क्रम महत्त्वाचा आहे. रूपांतर चुकले तर दुरुस्त करता येते. गमावलेला बाइट मात्र परत मिळत नाही. युनिकोडपूर्व टंकांमध्ये टंकलिखित झालेले मराठी प्रबंध आज उघडताना दिसणारी निरर्थक अक्षरे हे या तिसऱ्या पातळीचेच उदाहरण होय. तेथे बाइट शाबूत असतात, हरवलेली असते ती संकेतांची किल्ली. म्हणूनच फाईलबरोबर तिच्या संकेतनाची व टंकाची नोंद जतन करणे तितकेच अगत्याचे आहे.