पाकाची तार आणि पाचगणीचा थर्मामीटर

पाचगणीहून एका वाचक बाईंचं पत्र आलं आहे. त्यांच्या सासूबाईंची पाककृतींची वही आता त्यांच्याकडे आली. सासूबाईंचा सगळा संसार गिरगावात झाला, वहीही तिथेच लिहिलेली. त्यातले रव्याचे पाकातले लाडू करायला घेतले, तर वहीत एवढंच: ‘पाक एकतारी करावा.’ तार केवढी, कशी बघायची, काही खुलासा नाही. बाई विज्ञानाच्या पदवीधर. त्यांनी स्वयंपाकाचा थर्मामीटर मागवला, एकतारी पाक म्हणजे १०५ अंश सेल्सिअस असं शोधून काढलं आणि काट्यावर काटा ठेवून १०५ला गॅस बंद केला. लाडू इतके कडक झाले की फोडायला बत्ता घ्यावा लागला. आकडा चुकीचा आहे का, हा त्यांचा पहिला प्रश्न. दुसरा त्याच वहीतल्या डाळिंब्यांच्या उसळीबद्दल. वाल भिजवलेलं पाणी टाकून द्या, असं सासूबाईंनी बजावलं आहे. त्यात जीवनसत्त्वं वाया जात नाहीत का? आणि जाता जाता तिसरा : या सगळ्या वहीचं ग्रॅम, मिलिलिटर आणि अंशांमध्ये रूपांतर करून टाकावं का?

आकडा बरोबर आहे. फक्त तो गिरगावचा आहे, पाचगणीचा नाही.

समुद्रसपाटीपासून साधारण तीनशे मीटर वर गेलं की पाणी एक अंश कमी तापमानाला उकळतं. पाचगणी तेराशे मीटरच्या आसपास, म्हणजे तिथलं साधं पाणी ९६ अंशांच्या जवळपासच खळखळायला लागतं. पाण्यात साखर विरघळली की उत्कलनबिंदू चढतो, हे शाळेत शिकलेलं असतं. पाक आटतो तसं पाणी कमी होतं आणि पारा वर सरकतो. म्हणून थर्मामीटरवरून पाक किती घट्ट झाला ते कळतं. पण तो मोजतो तापमान. आपल्याला हवा असतो साखरेचा वाटा, आणि या दोहोंच्या मध्ये हवेचा दाब गुपचूप बसलेला असतो. मुंबईत १०५ अंशांना उकळणारा पाक साध्या पाण्यापेक्षा पाच अंश वर असतो आणि त्यात वजनाने सुमारे ७० टक्के साखर असते. पाचगणीत त्याच १०५पर्यंत पोचायला पाकाला नऊ अंश चढावं लागतं, तोवर साखर ७८-७९ टक्क्यांवर गेलेली असते. एकतारी कधीच मागे पडली.

आता या टक्क्यांचं लाडवाशी नातं बघा, कारण मला तरी ते फार देखणं वाटतं. खोलीच्या तापमानाला पाण्यात साखर विरघळून राहते ती साधारण ६७-६८ टक्क्यांपर्यंत. एकतारी पाक या सीमेच्या जेमतेम पलीकडे असतो. गरम असताना पातळ, रव्यात जिरतो. निवताना रवा थोडं पाणी पितो, थोडीशी साखर स्फटिक होऊन बाहेर पडते आणि तेवढ्याने रव्याचे कण एकमेकांना धरून राहतात. दातांना मात्र त्रास होत नाही. ७९ टक्क्यांच्या पाकात सीमेपलीकडची साखर कितीतरी जास्त. ती निवताना एकदम स्फटिक होते आणि रव्याचा दगड बनतो. कुणी वजनकाटा किंवा द्रावणांचा तक्ता न वापरता स्वयंपाकघरांनी नेमकी ही सीमा पकडली. पाकातल्या लाडवांना एकतारी आणि काही वड्यांना गोळीबंद, ही विभागणी चाखून, चुकून आणि दात आंबवून झालेली आहे.

उंचीने ज्यांची फजिती केली त्यांची यादी थोरामोठ्यांची आहे. १८३५च्या मार्चमध्ये चार्ल्स डार्विन अँडीज पर्वत ओलांडत होता. रात्रीच्या मुक्कामी बटाट्यांचं भांडं चुलीवर चढवलं, ते रात्रभर उकळत राहिलं, सकाळी पुन्हा उकळलं, तरी बटाटे कच्चेच. डार्विनला कारण माहीत होतं. बरोबरच्या दोघांनी मात्र आपसात निवाडा केला : भांडं नवं आहे, मेल्याला बटाटे शिजवायचेच नाहीत! या दोघांबद्दल मला आदर आहे. निष्कर्ष चुकला, पण पद्धत चोख होती. नेहमीच्या रांधण्यात नवीन काय आहे ते त्यांनी शोधलं. डोंगर नवा आहे, हे तेवढं राहून गेलं.

तर पाचगणीत काय करावं? त्याच थर्मामीटरने आधी साधं पाणी उकळून आकडा बघावा आणि त्यात पाच मिळवावेत. हे झालं थर्मामीटरवाल्यांसाठी. सासूबाईंचं उपकरण त्याहून चांगलं आहे, असं माझं मत आहे, आणि ते आजीबाईंच्या बटव्याबद्दलच्या कौतुकापोटी नाही.

पाकाचा थेंब अंगठा आणि तर्जनीमध्ये धरून बोटं हलकेच लांब केली की काय होतं? थेंबाची दोरी होते आणि पृष्ठताण लगेच ती तोडायच्या मागे लागतो. द्रवाची दोरी तिच्या परिघापेक्षा लांब झाली की तिचे थेंब व्हायलाच हवेत, हा नियम झोझेफ प्लाटो या बेल्जियन शास्त्रज्ञाने शोधला. हा प्लाटो म्हणजे हलती चित्रं दाखवणारी चकती १८३२ साली बनवणारा, सिनेमाच्या पणजोबांपैकी एक. १८४०च्या दशकात तो पूर्ण आंधळा झाला आणि त्यानंतरची चाळीस वर्षं घेंट शहरात द्रवांचे पडदे, थेंब आणि धारा यांवर प्रयोग करत राहिला. बघायचे दुसरे, मुलगा, जावई, सहायक. काय बघायचं आणि ते दिसल्यावर काय विचारायचं, हे तो सांगायचा. १८७३ साली त्याचा दोन खंडांचा ग्रंथ आला. (तरुणपणी सूर्याकडे टक लावून बघितल्यामुळे तो आंधळा झाला, ही कथा अजून सांगतात. डोळ्यांच्या आजाराने दृष्टी गेली असावी, हे आजच्या डॉक्टरांना जास्त पटतं. पण कथा चटकदार असली की औषधाला दाद देत नाही.) पुढे लॉर्ड रॅलेने या तुटण्याचं गणित मांडलं.

दोरी तुटणार हे ठरलेलं. किती वेळाने तुटणार, हे चिकटपणावर अवलंबून. आणि साखरेच्या पाकाचा चिकटपणा अफाट वेगाने वाढतो. २० अंशांना ६० टक्के साखरेचं द्रावण पाण्याच्या साधारण ६० पट चिकट असतं, ७० टक्क्यांचं पाचशे पटींच्या जवळपास. साखर दहा टक्क्यांनी वाढली तर चिकटपणा आठ पट! म्हणजे आधीच्या क्षणी बोटांमध्ये तार धरत नव्हती आणि पुढच्या क्षणी धरायला लागली, यात बाईंच्या ‘हाताच्या गुणा’चा भाग थोडा आणि द्रावणाच्या स्वभावाचा भाग मोठा आहे. शिवाय थेंब बोटावर आला की निवून अंगाच्या तापमानाजवळ येतो, त्यामुळे चाचणी दर वेळी जवळजवळ एकाच तापमानाला होते. हवेच्या दाबाचा तिच्याशी संबंध नाही. गिरगावात धरलेली तार पाचगणीतही तेच सांगते.

कुणाला रस्ता विचारल्यावर तो म्हणतो, वडाचं झाड लागलं की डावीकडे वळा. साडेसातशे मीटरवर वळा, असं सांगणं जास्त नेमकं वाटतं. पण मीटर कुठून मोजायचे, हे चुकलं की सगळंच चुकतं, आणि तसं झाल्याचं वळून जाईपर्यंत कळत नाही. झाड दिसलं की तुम्ही जिथून आला असाल तिथून योग्य जागी असता. ‘रवा खमंग भाजावा’, ‘तूप सुटेपर्यंत परतावे’, ‘पुरणात उलथनं उभं राहिलं पाहिजे’ ही सगळी वडाची झाडं आहेत. रव्याची जाडी, कढईचा तळ, गॅसची आच बदलली तरी ती जागच्या जागी राहतात. ‘दहा मिनिटं भाजा’ हे वाक्य मात्र दर स्वयंपाकघरात खोटं पडू शकतं. अर्थात झाड तोडलं गेलं की खुणेवर चालणारा माणूस हरवतो, हेही खरं. जुन्या वह्यांत ‘पाकात दूध घालून मळी काढावी’ असतं. दुधातली प्रथिनं गोठताना साखरेतला गाळ बरोबर घेऊन वर यायची. आजच्या पांढऱ्याशुभ्र साखरेला मळी येते कुठे? तरीही दूध घालणारे घालतात आणि मळीची वाट बघत बसतात.

वाटीच्या मापाबद्दल एवढंच : दोन वाट्या रवा, दीड वाटी साखर, हे प्रमाण आहे. वाटी कुणाचीही चालते, सगळीकडे एकच वापरली म्हणजे झालं.

मोबाइलवर फिरणारं ‘आपल्या पूर्वजांना सगळं विज्ञान आधीच ठाऊक होतं’ हे पालुपद मला मंजूर नाही. तार धरायची हे ठाऊक होतं. तार का धरते, हे शोधायला एक आंधळा माणूस आणि त्याचं गणित मांडणारा दुसरा लागला. या दोन निराळ्या विद्या आहेत. एकीला दुसरीचा मुकुट घालून कुणाचाच मान वाढत नाही.

आणि याचं सगळ्यात चांगलं उदाहरण बाईंच्या दुसऱ्या प्रश्नात, वालात दडलेलं आहे.

कमला सोहोनी हे नाव मराठी वाचकांना सहसा एकाच प्रसंगामुळे माहीत असतं. माहेरच्या भागवत. मुंबई विद्यापीठातून उत्तम गुण मिळवून १९३३ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या, मुलगी म्हणून तिथले संचालक सी. व्ही. रामन यांनी नाकारलं, त्या हटून बसल्या, वर्षभराच्या अटीवर प्रवेश मिळाला. पुढे केंब्रिजहून १९३९ साली डॉक्टरेट. विज्ञान दिनाला ही गोष्ट सांगतात आणि टाळ्या पडतात. मग त्यांनी आयुष्यभर केलं काय, हे विचारा. निम्म्या लोकांना नीरेवरचं त्यांचं काम आठवतं, बाकीच्यांना तेही नाही. एका स्त्रीला दार कुणी बंद केलं हे आपण लक्षात ठेवलं आणि आत गेल्यावर तिने काय शोधलं ते विसरलो. मला याचा राग येतो.

त्यांनी वाल शोधले. म्हणजे वालांमध्ये काय आहे ते. आपल्या आतड्यात प्रथिनं तोडणारं ट्रिप्सिन नावाचं विकर असतं. कच्च्या कडधान्यांत त्याला घट्ट चिकटून निकामी करणारी प्रथिनं असतात. बी खाणाऱ्याला ते पचू नये, ही बियांची सोय. मोझेस कुनिट्झ यांनी १९४५ साली सोयाबीनमधला असा रोधक शुद्ध स्फटिकरूपात मिळवला. दहाच वर्षांनी, १९५५ साली, मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून सोहोनी आणि त्यांच्या एका सहसंशोधकाने वाल आणि डबल बीन यांच्यातले रोधक स्फटिकरूपात वेगळे केले आणि ‘नेचर’मध्ये ते छापून आलं. जगातल्या प्रयोगशाळा सोयाबीनच्या मागे असताना त्यांनी आपल्या बाजारातलं, आपल्या उसळीतलं कडधान्य उचललं. पुढे ग्राहक चळवळीत शिरून त्यांनी अन्नातली भेसळ घरच्या घरी ओळखायच्या चाचण्या लोकांपर्यंत नेल्या, ते याच वृत्तीतून. थोरल्या बहीण दुर्गा भागवत यांनी ‘खमंग’ हे पाककृतींचं पुस्तक लिहिलं. एकीने कृती लिहिल्या, दुसरीने त्यातल्या कडधान्याची प्रथिनं स्फटिकांत पकडली. या घरी जेवायच्या वेळी काय बोलणं होत असेल?

तर वहीतलं पाणी. रोधक ओल्या उष्णतेने बऱ्याच अंशी निकामी होतात, म्हणून नीट शिजलेल्या उसळीत त्यांची फार काळजी नाही. वाल भिजवून, मोड आणून, सोलायच्या रीतीने त्याआधीच बरंच काम होतं. पोटात वायू धरणाऱ्या काही शर्करा भिजवणीच्या पाण्यात उतरतात, उरलेल्यांतल्या बऱ्याच मोड खाऊन टाकतो. पाण्याबरोबर थोडी ब गटातली जीवनसत्त्वं आणि क्षार जातात हे खरं, पण वालाचा उग्रपणाही जातो. मी पाणी टाकून देईन.

याच कृतीतली पुढची सूचना, ‘वाल शिजत नसल्यास चिमूटभर सोडा’, तिच्यावर मात्र खुशाल रेघ मारा. सोड्याने पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन सुटतं आणि दाणा लवकर मऊ होतो, इतपत सासूबाईंचं बरोबर. पण त्याच अल्कलीने ब-१ जीवनसत्त्व नष्ट होतं. टाकलेल्या पाण्याची चुटपुट असेल, तर सोड्याची जास्त असायला हवी. पाचगणीत वाल शिजायला वेळ लागणार आणि सोड्याचा मोह अधिक होणार, पण त्यावर उपाय कुकर. शिट्टीचं वजन बाहेरच्या हवेच्या वर ठरावीक दाब धरतं, त्यामुळे उघड्या भांड्यातला चार अंशांचा तोटा कुकरमध्ये दोनेक अंशांवर येतो. तेवढा एखाद्या जास्तीच्या शिट्टीने भरून निघेल.

वहीचं रूपांतर जरूर करा. मूळ ओळ न खोडता शेजारी पेन्सिलीने आकडे लिहा आणि प्रत्येक आकड्यापुढे गावाचं नाव घाला.