पिकअप ट्रकमधील एक्झॉस्ट मॅनिफोल्ड व गॅस्केट

एक्झॉस्ट मॅनिफोल्ड हा अंतर्ज्वलन इंजिनाच्या सिलिंडरांतून बाहेर पडणारे तप्त वायू एकत्र करून पुढील नळीत सोडणारा भाग होय. मॅनिफोल्ड आणि सिलिंडर हेड यांच्या सांध्यातून वायू गळू नये म्हणून मध्ये जो पातळ पत्रा बसवलेला असतो, त्यास गॅस्केट म्हणतात. मराठी भाषक प्रदेशातील गॅरेजांमध्ये गॅस्केटला ‘पॅकिंग’ हा शब्द रूढ आहे. सर्वसाधारण बोलण्यात संपूर्ण निष्कास यंत्रणेलाच ‘सायलेन्सर’ म्हटले जाते. प्रत्यक्षात सायलेन्सर हा तिचा शेवटाकडील भाग असून मॅनिफोल्ड हा आरंभीचा होय.

अमेरिकेची संयुक्त संस्थाने व कॅनडा येथे पिकअप ट्रक हे घरगुती वापराचे वाहन आहे. तेथील अनेक मालक मॅनिफोल्ड व गॅस्केट बदलण्याचे काम घराच्या आवारात स्वतःच करतात. या कामासाठी लागणारी हत्यारे साधी असली, तरी गंजलेला बोल्ट तुटण्याचा धोका असल्यामुळे ते चिकाटीचे मानले जाते. प्रस्तुत लेखात शेव्हरोले सिल्व्हराडो या ट्रकमधील ५.३ लिटर व्ही-८ पेट्रोल इंजिनाचे उदाहरण प्रामुख्याने घेतले आहे. हा ट्रक १९९९ च्या मॉडेल वर्षापासून बाजारात आला.

रचना

व्ही-८ इंजिनात चार-चार सिलिंडरांच्या दोन रांगा असतात. प्रत्येक रांगेस स्वतंत्र सिलिंडर हेड व स्वतंत्र मॅनिफोल्ड असतो. वर उल्लेखिलेल्या इंजिनात चालकाच्या, म्हणजे डाव्या बाजूस १, ३, ५, ७ आणि उजव्या बाजूस २, ४, ६, ८ क्रमांकाचे सिलिंडर येतात. मॅनिफोल्ड ओतीव लोखंडाचा, म्हणजे बिडाचा असून सिलिंडर हेड ॲल्युमिनियमचे आहे. एका बाजूचा मॅनिफोल्ड ८ मिलिमीटर व्यासाच्या सहा बोल्टांनी हेडला जोडलेला असतो.

गॅस्केट बहुधा पोलादाच्या अनेक पातळ थरांचे असते. प्रत्येक छिद्राभोवती उठावाची कडा असते. बोल्ट आवळल्यावर ही कडा दबते आणि वायूची वाट बंद होते. एकदा दबलेली कडा पूर्ववत होत नाही. म्हणून जुने गॅस्केट चांगले दिसत असले तरी पुन्हा वापरत नाहीत.

बोल्ट तुटण्याचे कारण

मॅनिफोल्डचे बोल्ट तुटण्यामागे गंज हे एकच कारण नसते. दोन धातूंचे असमान प्रसरण हे मूळ कारण होय. सिलिंडर हेडमधून शीतक द्रव फिरत असल्याने त्याचे तापमान सुमारे १०० अंश सेल्सिअसच्या आसपास राहते. मॅनिफोल्डला असे थंडावणारे काही नसते. चढणीवर किंवा ओझे ओढताना तो कित्येक शे अंशांपर्यंत तापतो.

या इंजिनात लगतच्या दोन सिलिंडरांच्या मध्यबिंदूंतील अंतर १११.७६ मिलिमीटर आहे. पहिल्या सिलिंडरापासून शेवटच्या सिलिंडरापर्यंत हे अंतर सुमारे ३३५ मिलिमीटर भरते. मॅनिफोल्डचे तापमान ५०० अंशांनी वाढले असे धरल्यास तेवढ्या लांबीचे बीड सुमारे १.८ मिलिमीटर वाढते. ॲल्युमिनियम हे बिडापेक्षा सुमारे दुप्पट प्रसरण पावणारे असले, तरी हेडचे तापमान ८० अंशच वाढले तर त्याची वाढ ०.६ मिलिमीटरच होते. हा फरक सुमारे १.२ मिलिमीटरचा असून तो मध्याकडून दोन्ही टोकांकडे वाटला जातो. प्रत्येक टोकाचा बोल्ट त्यामुळे अर्ध्या मिलिमीटरहून थोडा अधिक ओढला जातो.

ही सरक सहन व्हावी म्हणून मॅनिफोल्डवरील छिद्रे बोल्टांपेक्षा मोठी ठेवलेली असतात. परंतु गंज चढला, सांधा जखडला किंवा बोल्ट प्रमाणाबाहेर आवळला, की मॅनिफोल्ड सरकण्याऐवजी बोल्टालाच वाकवतो. तार वारंवार उलटसुलट वाकवली असता जशी तुटते, तसाच हा बोल्टही इंजिन तापण्या-निवण्याच्या असंख्य फेऱ्यांनंतर तुटतो. यास धातूचा शिणवटा म्हणतात. मधले बोल्ट शाबूत आणि टोकाचा, विशेषतः केबिनच्या भिंतीलगतचा मागचा बोल्ट तुटलेला, असे चित्र या इंजिनांत वारंवार आढळते ते यामुळेच. उत्तरेकडील थंड प्रदेशांत हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकतात. त्यामुळे गंजाची भर पडून हा दोष लवकर उद्भवतो.

लक्षणे

थंड इंजिन सुरू करताच ‘टिक-टिक’ असा आवाज येणे आणि इंजिन तापल्यावर तो कमी होणे किंवा थांबणे, हे गळतीचे प्रमुख लक्षण होय. धातू प्रसरण पावल्यावर फट तात्पुरती मिटते, म्हणून आवाज नाहीसा होतो. यावरून दोष आपोआप बरा झाला असा समज होण्याचा संभव असतो. तो चुकीचा आहे. झडपा उघडणाऱ्या टॅपेटच्या बिघाडातही असाच आवाज येतो. रबरी नळीचे एक टोक कानाशी व दुसरे सांध्याजवळ धरून आवाजाची जागा निश्चित करता येते. फटीच्या आसपास काजळीचे काळे पट्टे दिसल्यास शंका उरत नाही.

वायूच्या दोन झोतांमधील क्षणी मॅनिफोल्डमधील दाब कमी होऊन फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. पुढे बसवलेला ऑक्सिजन सेन्सर हा जादा ऑक्सिजन टिपतो आणि इंजिनाचा संगणक मिश्रणात इंधन कमी आहे असे समजून ते वाढवतो. परिणामी इंधनाचा खप वाढतो व डॅशबोर्डवरील इंजिनाचा दिवा लागू शकतो.

आरोग्यास धोका

मॅनिफोल्ड हा उत्प्रेरकी परिवर्तकाच्या आधी येतो. त्यामुळे येथून गळणारा वायू शुद्धीकरण न झालेला असतो आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. हा वायू रंगहीन व गंधहीन असून रक्तातील हिमोग्लोबिनशी ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पटींनी घट्ट जोडला जातो. डोकेदुखी, मळमळ व गुंगी ही विषबाधेची आरंभीची लक्षणे होत. फट केबिनच्या भिंतीलगत असल्यास वायू आत शिरू शकतो. आवाज सहन होतो म्हणून दुरुस्ती लांबणीवर टाकणे यासाठीच धोक्याचे ठरते. दरवाजा बंद असलेल्या गॅरेजमध्ये इंजिन चालू करून तपासणी कधीही करू नये.

पूर्वतयारी

इंजिन पूर्णपणे निवल्यावरच काम सुरू करतात. आदल्या दिवशी सर्व बोल्टांच्या मुळाशी व नळीच्या नटांवर गंज सैल करणारे तेल फवारून रात्रभर मुरू देतात. बॅटरीची ऋण तार सोडवली जाते. मागील चाकांना लाकडी ठोकळे लावून ट्रकचा पुढील भाग जॅकने उचलतात व मजबूत स्टँडवर टेकवतात. केवळ जॅकच्या आधारावर असलेल्या वाहनाखाली जाणे प्राणघातक ठरू शकते. गंजाचे कण खाली गळत असल्याने डोळ्यांवर चष्मा आवश्यक असतो.

पुढील चाक व त्यामागील प्लॅस्टिकचे आवरण काढल्यास मॅनिफोल्डपर्यंत बाजूने हात पोचतो. स्पार्क प्लगच्या तारा, प्लग, उष्णतारोधक पत्रे आणि आड येत असल्यास ऑइल डिपस्टिकची नळी हे भाग काढून क्रमाने ठेवतात. डाव्या बाजूस स्टिअरिंगचा दांडा अडचण करतो.

जुना मॅनिफोल्ड काढणे

प्रथम खालच्या नळीच्या जोडाचे नट सोडवतात. त्यानंतर मॅनिफोल्डचे बोल्ट हाती घेतात. बोल्टाच्या माथ्यावर गोटी पाना पूर्ण बसला आहे याची खात्री करावी. गंजाने झिजलेल्या माथ्यावर अर्धवट बसलेला पाना कडा गोल करून टाकतो. बोल्ट एका दमात फिरवू नये. थोडा सैल करून पुन्हा थोडा आवळावा, तेल सोडावे आणि परत सैल करावा. फिरवताना बोल्ट पिळ पडल्यासारखा लवचिक वाटू लागला, तर तो तुटण्याच्या बेतात आहे असे समजून थांबावे. अधिक लांब पाना लावून जोर वाढवणे हे बोल्ट तुटण्याचे नेहमीचे कारण आहे.

तुटलेला बोल्ट

या कामाचा निकाल तुटलेल्या बोल्टावर ठरतो. आधीच शिणवट्याने माथा तुटलेला बोल्ट पुष्कळदा सोपा निघतो. माथा गेल्यामुळे त्याच्यावरील ताण नाहीसा झालेला असतो. त्याचा तुकडा हेडच्या बाहेर डोकावत असल्यास पकडीने धरून तो फिरवता येतो. तुकडा पृष्ठभागाशी समतल असल्यास त्यावर नट ठेवून वेल्डिंग करतात. वेल्डिंगच्या उष्णतेने गंजाची पकड सुटते आणि नटासह तुकडा बाहेर येतो.

तिसरा मार्ग ड्रिलचा. तुकड्याच्या बरोबर मध्यभागी सेंटर पंचने खूण करून उलट्या फिरकीच्या ड्रिलने भोक पाडतात. कित्येकदा तुकडा या ड्रिलबरोबरच सुटून येतो. भोक मध्यापासून सरकले तर पोलादी बोल्टाऐवजी मऊ ॲल्युमिनियम कापले जाते व आटे नष्ट होतात. असे आटे तारेची गुंडाळी बसवून पुन्हा निर्माण करता येतात. भोकात अडकवून फिरवायचा एक्स्ट्रॅक्टर आत तुटला, तर मात्र प्रसंग कठीण होतो, कारण तो अतिशय कठीण पोलादाचा असल्याने साध्या ड्रिलने कापला जात नाही.

टोकाचा एकच बोल्ट तुटला असल्यास हेडच्या टोकावरील मोकळ्या आटेदार भोकाचा आधार घेऊन मॅनिफोल्ड दाबून धरणारा शिकंजाही बाजारात मिळतो. तो तात्पुरता उपाय समजावा.

पृष्ठभागांची पाहणी

हेडवर चिकटलेले जुने गॅस्केट प्लॅस्टिकच्या खरवडणीने काढतात. वेगाने फिरणाऱ्या घासणीच्या चकतीने ॲल्युमिनियमवर खड्डे पडतात, म्हणून ती टाळावी. छिद्रांतून सिलिंडरात कचरा जाऊ नये यासाठी त्यांत स्वच्छ कापड कोंबून ठेवतात. नंतर ते आठवणीने काढावे लागते.

जुनाच मॅनिफोल्ड वापरायचा असल्यास त्याच्या पृष्ठभागावर पोलादी सरळपट्टी ठेवून खालची फट फीलर गेजने मोजतात. वर्षानुवर्षे तापून मॅनिफोल्ड धनुष्यासारखा वाकलेला असू शकतो. असा मॅनिफोल्ड बोल्टांच्या जोराने सरळ करू पाहणे म्हणजे नव्या बोल्टांवर आरंभापासूनच ताण टाकणे होय. तो यंत्रशाळेत सपाट करून घेतात किंवा नवा आणतात. तडा गेलेला मॅनिफोल्ड बदलणेच इष्ट असते.

नवीन भाग बसवणे

नवे गॅस्केट कोरडेच बसवतात. त्यावर वेगळा लेप लावत नाहीत. जुन्या बोल्टांत शिणवटा साठलेला असल्याने बोल्टही नवे वापरतात. सर्व बोल्ट आधी हाताने काही आटे फिरवून घ्यावेत. एखादा बोल्ट हाताने जात नसल्यास आटे स्वच्छ करावेत. पान्याने रेटू नये.

आवळण्याचा क्रम मधल्या दोन बोल्टांपासून सुरू होऊन आळीपाळीने दोन्ही टोकांकडे जातो. उदाहरणादाखल घेतलेल्या इंजिनात पहिल्या फेरीत १५ न्यूटन-मीटर (११ पाऊंड-फूट) आणि दुसऱ्या फेरीत २५ न्यूटन-मीटर (१८ पाऊंड-फूट) एवढा पीळ टॉर्क पान्याने देतात. अन्य इंजिनांचे आकडे निराळे असल्याने त्या त्या वाहनाची दुरुस्ती पुस्तिका पाहणे आवश्यक आहे. १८ पाऊंड-फूट हा आकडा अनेकांना फार कमी वाटतो व ते ‘थोडे अधिक’ आवळतात. परंतु मॅनिफोल्डला सरकण्यास वाव ठेवणे हाच या मर्यादेचा हेतू आहे. बोल्टाचे आटे वंगणयुक्त असल्यास तेवढ्याच पिळाने बोल्टावर अधिक ताण येतो. म्हणून पुस्तिकेत न सांगितलेले वंगण लावू नये.

अंतिम तपासणी

इंजिन सुरू करण्यापूर्वीही गळती तपासता येते. मागील नळीतून कमी दाबाची हवा सोडून सांध्यांवर साबणाचे पाणी शिंपडल्यास फटीच्या जागी बुडबुडे येतात. त्यानंतर मोकळ्या हवेत इंजिन सुरू करतात. भागांवर सांडलेले तेल जळून आरंभी काही मिनिटे धूर येतो. तो गळतीचा नसतो. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी, इंजिन रात्रभर निवल्यानंतर सुरू करताना होते. त्या वेळी टिक-टिक ऐकू न आल्यास सांधा नीट बसला असे समजतात.

घरगुती दुरुस्तीची मर्यादा

बोल्ट शाबूत निघाले, तर हे काम घरी पूर्ण होऊ शकते. हेडशी समतल तुटलेला मागचा बोल्ट मात्र निराळा विचार मागतो. तेथे ड्रिल सरळ धरण्यास पुरेशी जागा नसते आणि वाकडे भोक पडल्यास संपूर्ण सिलिंडर हेड उतरवावे लागू शकते. पहिले भोक पाडण्यापूर्वी काम कुशल कारागिराकडे सोपवल्यास त्याच्यापुढे सर्व मार्ग खुले असतात. बिघडलेल्या भोकानंतर त्यांतील बहुतेक बंद झालेले असतात.