मोकाचे २६ गुण आणि शाळेत न गेलेली आजी

पार्किन्सन्स म्हटलं की थरथरणारे हात डोळ्यांसमोर येतात. पण या आजारात बुद्धीची घसरणही होते, आणि घरच्यांना ती बरेचदा उशिरा कळते. सिडनीच्या एका दीर्घ अभ्यासात (२००८) निदानानंतर वीस वर्षं जगलेल्यांपैकी ८३ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश झालेला होता. म्हणून वेळेवर स्क्रीनिंग हवं, इथवर सगळ्यांचं एकमत आहे. अडचण पुढे आहे.

ही घसरण अल्झायमरसारखी नसते. सुरुवातीला आठवण बऱ्यापैकी शाबूत असते. अडतं ते नियोजनात, लक्ष टिकवण्यात, आकार आणि अंतर समजण्यात. १९७५ ची एमएमएसई चाचणी नेमकं हेच फारसं तपासत नाही. म्हणून २००५ साली आलेली मोका जास्त वापरतात. एकूण ३० गुण. पार्किन्सन्समध्ये २६ पेक्षा कमी आले तर सौम्य बिघाडाची आणि २१ पेक्षा कमी आले तर स्मृतिभ्रंशाची शंका घ्यावी, असे कटऑफ न्यूझीलंडमधल्या एका अभ्यासाने २०१० मध्ये सुचवले.

आता हे कटऑफ घेऊन सालेकसा किंवा देवरी तालुक्यात जा. समोर सत्तरीची आजी. घरात गोंडी, बाजारात हिंदी, दवाखान्यात मराठी. तिने आयुष्यात पेन्सिल धरलेली नाही आणि तुम्ही तिला घनाकृती काढायला सांगताय! शिक्षण बारा वर्षं किंवा त्याहून कमी असेल तर मोका एक गुण वाढवून देते. म्हणजे बारावी पास आणि कधीच शाळेत न गेलेली, दोघींना सवलत सारखीच.

त्यात आजार स्वतःच मध्ये येतो. हात कापतो म्हणून घड्याळ वाकडं येतं. बोलणं मंदावलेलं असतं, म्हणून एका मिनिटात शब्द कमी निघतात. औषधाचा अंमल उतरलेला असताना चाचणी घेतली तर गुण आणखी खाली. थरथर कमी करण्यासाठी दिलं जाणारं ट्रायहेक्झीफेनिडिलही वयस्करांची स्मरणशक्ती मंदावू शकतं. त्यामुळे गुणांसोबत औषधांची यादी आणि शेवटच्या डोसची वेळ लिहिलीच पाहिजे. नैराश्यही तपासा.

एक काल्पनिक हिशोब करू. २०० रुग्ण, त्यातल्या ४० जणांना खरोखर बिघाड. चाचणीची सेन्सिटिव्हिटी ९० टक्के, स्पेसिफिसिटी ७५ टक्के. चाचणी ३६ जणांना बरोबर पकडेल, पण उरलेल्या १६० पैकी ४० जणांवरही उगाच शिक्का मारेल. पॉझिटिव्ह एकूण ७६, त्यात चुकीचे निम्म्याहून जास्त. आणि असा शिक्का बसला की शेतीच्या व्यवहारात त्या माणसाला कोणी विचारत नाही. कटऑफ खाली आणला तर हे कमी होईल, पण खरे रुग्ण निसटतील, आणि गोळ्यांच्या वेळा चुकवणारा माणूस तसाच घरी जाईल.

पर्याय आहेत. कमी शिकलेल्यांसाठी मोका-बेसिक आहे. त्यात वजाबाकीच्या साखळीऐवजी पैसे कसे द्याल ते विचारतात, अक्षरावरून शब्दांऐवजी फळांची नावं. हरियाणातल्या बल्लभगडच्या निरक्षर ग्रामस्थांसाठी १९९५ मध्ये हिंदी मेंटल स्टेट एक्झामिनेशन तयार झाली. आयसीएमआरचा न्यूरोकॉग्निटिव्ह टूलबॉक्स २०२० मध्ये पाच भाषांत प्रकाशित झाला: हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड, मल्याळम. त्या पाचांत मराठी नव्हती, गोंडीचं तर सोडाच.

इथे बरेच जण भाषांतर करून मोकळे होतात. माझ्या मते ते काम चार आण्याचं. बारा आण्याचं काम म्हणजे त्याच गावातल्या, त्याच वयाच्या, तितक्याच शिकलेल्या निरोगी माणसांचे गुण आधी गोळा करणं. मग रुग्णांची सविस्तर तपासणी: मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटीच्या २०१२ च्या निकषांनुसार दुसऱ्या पातळीवर पाच क्षेत्रांत प्रत्येकी किमान दोन चाचण्या. त्यांच्याशी ताडून कटऑफ ठरवा. सौम्य बिघाड की स्मृतिभ्रंश, हे मात्र नुसत्या गुणांवरून ठरत नाही. त्यासाठी सुनेला किंवा मुलाला विचारा: गोळ्या स्वतः घेतात का, बाजारातून सुट्टे पैसे बरोबर आणतात का, आणि हे जमत नसेल तर ते हातामुळे की डोक्यामुळे?